रझाकार: एका शब्दाचे चरित्र आणि चारित्र्यहनन

माणसाला जसे पूर्वचरित्र असते, तसे शब्दालाही असते. कोशात तो एका ओळीत मावतो, परंतु लोकांच्या तोंडून फिरताना आपल्याबरोबर गावे, माणसे, आगी आणि अश्रू घेऊन फिरतो. असे काही शब्द आपल्या सार्वजनिक जीवनात आहेत, की ते उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात विचार थांबतो आणि भावना धावू लागते. राजकीय वक्त्याला असे शब्द फार प्रिय असतात. त्यांच्यामुळे पुरावा देण्याचे कष्ट वाचतात. प्रतिपक्षाने नेमके काय केले, कोणत्या नियमाचा भंग केला, कोणाचे किती नुकसान झाले, हे सांगण्याऐवजी इतिहासातील एक नाव त्याच्या कपाळी चिकटवले की काम भागते. मग करवाढ झाली की ‘झिजिया’, हुकूम निघाला की ‘फतवा’, निर्णय चुकला की ‘तुघलकी’, निवडणूक हरली की ‘पानिपत’ आणि पक्ष बदलला की ‘सूर्याजी पिसाळ’. यांतील काही प्रयोग आता इतके गुळगुळीत झाले आहेत, की त्यांच्यामागे काही इतिहास होता याची आठवण वापरणाऱ्यालाही राहिलेली नाही.

प्रस्तुत लेखात या सगळ्या शब्दांचा परामर्श घेण्याचा विचार नाही. त्यांतील एकच शब्द येथे तपासावयाचा आहे, आणि तो आपल्या हैदराबादच्या मराठी घरांना सर्वांत जवळचा आहे. तो शब्द म्हणजे ‘रझाकार’.

या शब्दाचे मूळ पाहिले, तर आश्चर्य वाटावे इतके ते सौम्य आहे. ‘रझा’ म्हणजे संमती, खुशी आणि ‘कार’ म्हणजे करणारा. स्वखुशीने काम करणारा, म्हणजेच स्वयंसेवक, तो रझाकार. हीच ‘रझा’ मराठीत ‘रजा’ होऊन आली, आणि सरकारी नोकराला त्याहून गोड शब्द दुसरा नाही. ‘राजी’, ‘राजीखुशी’ आणि ‘राजीनामा’ हेही त्याच कुळातले. उर्दूत आजही पूरग्रस्तांना अन्न पोचवणाऱ्या तरुणांना ‘रझाकार’ म्हणतात आणि विनावेतन केलेले काम ‘रझाकाराना’ म्हणवते. म्हणजे शब्दाच्या जन्मात काही पाप नव्हते. त्याच्यावर डाग पडला तो त्याने धारण केलेल्या गणवेशामुळे.

मजलिस-ए-इत्तेहादुल-मुसलमीन या संघटनेची स्थापना १९२७ साली झाली. तिचे प्रभावी वक्ते व नेते बहादूर यार जंग १९४४ मध्ये वारले. १९४६ मध्ये लातूरचे वकील कासिम रझवी संघटनेचे अध्यक्ष झाले, आणि तिचे स्वयंसेवक दल हे सशस्त्र दल बनले. त्या वेळचे हैदराबाद संस्थान सोळा जिल्ह्यांचे होते. त्यांत आठ जिल्हे तेलुगू, पाच मराठी व तीन कानडी. बहुसंख्य प्रजेच्या भाषेला दरबारात स्थान नव्हते. १५ ऑगस्ट १९४७ नंतर संस्थान भारतात सामील झाले नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार झाला. त्यानंतरचे जे दहा महिने गेले, ते रझाकारांचे महिने होत. गावे लुटली गेली, जाळली गेली. मराठवाड्यातील हजारो कुटुंबांनी सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे आश्रय घेतला. बिदर जिल्ह्यातील गोरटा येथे मे १९४८ मध्ये हत्याकांड झाले. तेलंगणातील बैरानपल्ली गावाने प्रतिकार केला, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्या गावावर रझाकार व संस्थानी पोलीस-सैन्य मिळून चालून गेले. त्याच ऑगस्टमध्ये ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची हैदराबाद शहरात हत्या झाली. भारतात विलीन होण्यातच संस्थानाचे हित आहे, असे ते लिहीत होते. मारेकऱ्यांनी त्यांचा लिहिता हातही तोडला.

हा इतिहास येथे थोडक्यात सांगितला, तो वाचकांना माहीत नाही म्हणून नव्हे. ‘रझाकार’ या शब्दात नेमके काय काय सामावलेले होते, याची नोंद करून ठेवणे आवश्यक आहे म्हणून. चार गोष्टी दिसतात. पहिली, ती एक संघटना होती. तिला नेता होता, गणवेश होता, शपथ होती. दुसरी, ती सशस्त्र होती. तिसरी, तिला राज्यसत्तेचे अभय होते, कित्येकदा साहाय्यही होते. आणि चौथी, तिच्या हिंसेचे लक्ष्य मुख्यतः निःशस्त्र प्रजा होती. या चार गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा ‘रझाकार’ हा शब्द भयाचा समानार्थी झाला. यांपैकी एकही गोष्ट धर्मवाचक नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. शोएबुल्ला खान मुसलमान होते. रझाकार संघटना बरखास्त करावी, अशी जाहीर मागणी त्या ऑगस्टमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित मुस्लिम नागरिकांनीच केली होती, आणि ‘इमरोज’ने ती छापली होती. उलट निजामाच्या नोकरीत असलेले सगळेच रझाकारांचे पाठीराखे होते, असेही नाही. तसे म्हणावयाचे झाले, तर आपल्यापैकी कितीतरी घरांतील आजोबा-पणजोबा त्याच दौलतीचा पगार घेत होते. देशपांडे, देशमुख, कुलकर्णी ही वतने त्याच राज्यात चालू होती. सेतुमाधवराव पगडींसारखा इतिहासकार त्याच राज्याच्या मुलकी सेवेत अधिकारी होता. नोकरी आणि रझाकारी यांत जे अंतर आहे, ते आपल्या वडीलधाऱ्यांना स्पष्ट दिसत होते.

ते अंतर पुसले गेले की काय होते, हे फार लवकर दिसले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. त्यानंतरच्या आठवड्यांत संस्थानाच्या अनेक भागांत मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवला गेला. त्याची चौकशी करण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोचल्याचे त्यांनी नोंदवले, आणि मृतांचा अंदाज, तोही सावधपणे, सत्तावीस ते चाळीस हजार इतका दिला. या आकड्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही, हेही खरे. परंतु फार मोठ्या संख्येने अशी माणसे मारली गेली, की ज्यांचा गणवेशाशी, शपथेशी वा शस्त्राशी संबंध नव्हता, हे नाकारता येत नाही. त्यांच्यापुरता ‘रझाकार’ हा शब्द एका संघटनेचे नाव राहिला नव्हता. तो केवळ संशयावरून एखाद्यावर लावलेला आणि जागच्या जागी बजावलेला निकाल झाला होता. या शब्दाचा पहिला मोठा गैरवापर व्यासपीठावर झाला नाही, तो गावकुसाबाहेर झाला.

आपल्या घरांतून पहिल्या दुःखाच्या कथा पुष्कळ सांगितल्या गेल्या. दुसऱ्या दुःखाविषयी बहुधा मौन पाळले गेले. ते मौन समजण्यासारखे आहे. ज्यांची घरे जळली, त्यांनी शेजाऱ्याच्या जळालेल्या घराचा हिशेब ठेवावा, अशी अपेक्षा त्या वेळी कोणी करू नये. परंतु पाऊणशे वर्षांनंतर तो हिशेब टाळण्याचे कारण उरत नाही. पहिले दुःख खरे होते, म्हणून दुसरे खोटे ठरत नाही, आणि दुसरे मान्य केल्याने पहिले हलके होत नाही.

येथे एका उलट्या प्रकाराचाही उल्लेख केला पाहिजे. जड शब्द हलक्या जागी वापरणे हा जसा भाषेचा गैरवापर, तसा हलका शब्द जड जागी वापरणे हाही गैरवापरच. सप्टेंबर १९४८ च्या त्या घटनेला आपण सर्व जण ‘पोलीस ॲक्शन’ म्हणत आलो. प्रत्यक्षात ती लष्करी मोहीम होती. रणगाडे होते, विमाने होती, मेजर जनरल जयंतनाथ चौधरी एका आघाडीचे नेतृत्व करीत होते, आणि पुढे तेच लष्करी प्रशासक झाले. हा देशांतर्गत प्रश्न आहे, परराष्ट्राशी युद्ध नव्हे, हे जगाला सांगण्यासाठी ‘पोलीस’ हा शब्द योजला गेला. त्यामागील राजनीती समजू शकते. परंतु राजनीतीचा शब्द इतिहासाचा शब्द होऊन बसला, की पुढच्या पिढीला घटनेचे आकारमानच कळत नाही.

१७ सप्टेंबर या तारखेच्या नावाची कथा त्याहूनही बोधप्रद आहे. महाराष्ट्रात तो ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’. कर्नाटकात ‘विमोचन दिन’ म्हणून तो रूढ झाला आणि २०१९ मध्ये त्या प्रदेशाचेच नाव ‘कल्याण-कर्नाटक’ झाले. तेलंगणात २०२२ मध्ये राज्य सरकारने त्याला ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हटले, त्याच शहरात त्याच दिवशी केंद्र सरकारने ‘हैदराबाद मुक्ती दिन’ साजरा केला, आणि २०२४ मध्ये नव्या राज्य सरकारने ‘प्रजापालन दिन’ असे तिसरे नाव दिले. साम्यवादी पक्षांची स्मृती १९५१ पर्यंत चाललेल्या सशस्त्र लढ्याभोवती आहे, त्यांना यांतील एकही नाव पुरेसे वाटत नाही. नरहर कुरुंदकरांनी या विषयावरील आपल्या लेखनाला ‘विमोचन’ आणि ‘विसर्जन’ असे दोन शब्द शीर्षकात दिले होते. एका शब्दात ही घटना मावत नाही, याची जाणीव त्या जोडीत आहे. आजच्या फलकांवर ती जाणीव दिसत नाही. प्रत्येक पक्षाला एकच शब्द हवा असतो, आणि तो आपला हवा असतो.

आता आजच्या व्यासपीठाकडे वळू. ‘रझाकार’ या शब्दाचा जो वापर आज होतो, तो साधारणपणे तीन प्रकारांचा दिसतो.

पहिला प्रकार वारशाचा. १९४८ नंतर ज्यांचा जन्म झाला, अशा माणसांना, एवढेच नव्हे तर त्यांच्या नातवंडांना, केवळ नावावरून व वस्तीवरून ‘रझाकार’ वा ‘रझाकारांची औलाद’ म्हटले जाते. रझाकार ही एक निवड होती. कोणीतरी शपथ घेतली, गणवेश घातला, शस्त्र उचलले. निवड वारसाहक्काने मिळत नसते. आपल्या कायद्यात बापाच्या गुन्ह्याची शिक्षा मुलाला देता येत नाही. भाषेत मात्र ती सर्रास दिली जाते. कासिम रझवी तुरुंगातून १९५७ मध्ये सुटले आणि पाकिस्तानात निघून गेले. जे येथेच राहिले, त्यांनी या देशाच्या घटनेखाली मते दिली, कर भरले, नोकऱ्या केल्या. त्यांना गेलेल्या माणसाच्या नावाने ओळखणे हा इतिहास नव्हे. याच्या जोडीने हेही सांगितले पाहिजे, की त्या काळातील अत्याचारांना झाकून टाकणारे, रझाकार म्हणजे आपल्या राज्याचे रक्षण करणारे भाबडे देशभक्त होते असे रंगवणारे लोकही आहेत. तेही तोच खेळ दुसऱ्या बाजूने खेळत असतात. शब्दाचा मूळ अर्थ ‘स्वयंसेवक’ होता, एवढ्यावर बैरानपल्लीचा हिशेब चुकता होत नाही.

दुसरा प्रकार अतिशयोक्तीचा. महापालिकेने अतिक्रमण काढले, पोलिसांनी मोर्चा अडवला, अधिकाऱ्याने उद्धटपणे उत्तर दिले, की ‘ही रझाकारी आहे’ असे निवेदन प्रसिद्ध होते. उद्धटपणाचे समर्थन करावयाचे नाही. नोकरीत असताना तो पुष्कळ पाहिला आहे. परंतु उद्धट कारकून आणि गाव पेटवणारी टोळी यांना एकच शब्द वापरला, तर टोळीचे काय झाले? कारकून मोठा झाला नाही, टोळी लहान झाली. आपल्या मराठीत ‘मोगलाई’ या शब्दाचे असेच झाले आहे. पुण्या-मुंबईकडचे लोक निजामाच्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत. ते एका प्रदेशाचे नाव होते, आणि आपण त्या प्रदेशाचे रहिवासी होतो. पुढे ‘ही काय मोगलाई लागून गेली?’ या प्रश्नात प्रदेश नाहीसा झाला आणि केवळ अंदाधुंदी उरली. त्या मुलखातील जमीनमहसुलाची पद्धत, भाषांची सरमिसळ, शाळा, ग्रंथालये, सगळे त्या एका तुच्छतेच्या शब्दाखाली गडप झाले. महाराष्ट्रातील नातेवाइकांनी थट्टेने का होईना, हा शब्द आपल्याला ऐकवलेला असतो. तो कसा बोचतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तरी दुसऱ्यावर शब्द फेकताना जपावे.

तिसरा प्रकार परक्या दुःखाच्या वापराचा, आणि माझ्या मते तो सर्वांत अशोभनीय. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीचा प्रचार चालू होता. काँग्रेस अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांचा जन्म बिदर जिल्ह्यातील वर्वट्टी गावचा. ते लहान असताना रझाकारांनी त्यांचे घर जाळले, आणि त्यांत त्यांची आई व बहीण गेल्या. प्रचारसभेत योगी आदित्यनाथ यांनी या घटनेचा उल्लेख करून, मतांसाठी खर्गे हे सत्य दडवतात, असा आरोप केला. त्यावर खर्गे यांचे पुत्र प्रियांक यांनी उत्तर दिले. ते कृत्य रझाकारांचे होते, संपूर्ण मुस्लिम समाजाचे नव्हे, असा त्याचा आशय होता.

पक्षांचे राजकारण बाजूला ठेवून या प्रसंगाकडे भाषेचा प्रश्न म्हणून पाहावे. ज्याचे घर जळले, तो माणूस शब्दाचा अर्थ अरुंद ठेवतो आहे. ज्याचे काही जळले नाही, तो तोच शब्द रुंद करतो आहे. हे केवळ योगायोगाने घडत नाही. ज्याने भोगले, त्याला गुन्हेगार कोण होता हे नेमके आठवत असते. दरवाजा कोणी तोडला आणि शेजारच्या कोणी लपवून ठेवले, हे दोन्ही त्याच्या स्मरणात असते. ज्याने केवळ ऐकले, त्याच्याजवळ चेहरे नसतात, फक्त शब्द असतो, आणि शब्द कितीही ताणता येतो. एखाद्याने आपले दुःख कोणत्या वेळी सांगावे, किती सांगावे आणि केव्हा गप्प राहावे, हा त्याचा अधिकार आहे. ते त्याच्या हातून काढून घेऊन सभेत त्याच्यावरच फेकणे याला वक्तृत्व म्हणता येणार नाही.

या शब्दाचा आणखी एक अवतार आपल्या पूर्वेकडे आहे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी लष्कराला मदत करण्यासाठी जे स्थानिक दल उभारले गेले, त्यालाही ‘रझाकार’ हेच नाव देण्यात आले. बंगालीत त्याचा उच्चार ‘राजाकार’ असा होतो. त्या दलाने केलेल्या अत्याचारांमुळे बांगलादेशात हा शब्द देशद्रोह्याचा पर्याय बनला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हुमायून अहमद यांच्या दूरदर्शन मालिकेत एका पोपटाला हा शब्द शिवी म्हणून शिकवल्याचे दाखवले, आणि लष्करी राजवटीत जे उघड बोलता येत नव्हते, ते पक्ष्याच्या तोंडून घरोघरी गेले. तेथपर्यंत शब्दाने स्मृतीचे काम केले.

पुढे तो सत्ताधाऱ्यांच्या हाती लागला. सरकारवर टीका करणारा प्रत्येक जण ‘राजाकार’ ठरू लागला. जुलै २०२४ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांच्या वंशजांसाठी असलेल्या तीस टक्के राखीव नोकऱ्यांविरुद्ध विद्यार्थ्यांचे आंदोलन चालू होते. १४ जुलैच्या पत्रकार परिषदेत पंतप्रधान शेख हसीना यांनी प्रश्न केला, की स्वातंत्र्यसैनिकांच्या नातवंडांना लाभ द्यायचा नाही, तर तो रझाकारांच्या नातवंडांना द्यायचा काय? त्याच रात्री ढाका विद्यापीठातील विद्यार्थी बाहेर पडले आणि त्यांनी ती शिवी स्वतःच्याच नावापुढे लावून घोषणा दिल्या. आम्ही कोण? तर रझाकार, असा त्या घोषणांचा रोख होता. ज्या शब्दाच्या नुसत्या उच्चाराने पन्नास वर्षे माणसे लज्जेने खाली पाहत, तो शब्द तरुणांनी उपरोधाने मिरवला. पुढच्या तीन आठवड्यांत जे घडले, ते भीषण होते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या अंदाजानुसार १४०० पर्यंत माणसे मृत्युमुखी पडली असावीत. ५ ऑगस्टला शेख हसीनांना देश सोडावा लागला. एका शब्दामुळे सरकार कोसळले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. असंतोषाची कारणे खोल होती आणि गोळीबाराने ती पेटवली. परंतु तो शब्द नेमक्या त्या क्षणी निकामी झाला, हे मात्र सर्वांनी पाहिले. अतिवापराने शस्त्राची धार जाते, एवढेच नव्हे, ते शस्त्र उलटतेही. आणि यात खरे नुकसान कोणाचे झाले? सरकारचे तर झालेच. त्याहून अधिक १९७१ मध्ये ज्यांची माणसे खरोखरच त्या दलाने नेली, त्या कुटुंबांचे. त्यांच्या वेदनेचे नाव पोरांच्या घोषणेत विनोदासारखे वापरले गेले, आणि त्या पोरांना दोषही देता येईना. त्या नावाची किंमत त्यांच्या आधीच वडीलधाऱ्यांनी घालवली होती.

हा दोष कोणा एका बाजूचा नाही. ‘अघोषित आणीबाणी’ हा प्रयोग सध्या सर्व पक्ष आळीपाळीने करतात. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या काळात लाखाहून अधिक माणसे चौकशीविना स्थानबद्ध होती, वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी होती, आणि अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा मार्गही एप्रिल १९७६ च्या निकालाने बंद झाला होता. एखाद्या सभेची परवानगी नाकारली गेली, तर ती निश्चितच निषेधार्ह गोष्ट आहे, पण ती ‘आणीबाणी’ नव्हे. ‘फॅसिस्ट’ या शब्दाची तर जॉर्ज ऑर्वेलने १९४६ सालीच तक्रार केली होती, की ‘नावडता’ याखेरीज त्याला काही अर्थ उरलेला नाही. ‘वंशविच्छेद’ या शब्दाची व्याख्या ९ डिसेंबर १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारात केलेली आहे, आणि तिचा गाभा ‘हेतू’ हा आहे. एखादा समूह समूह म्हणून नष्ट करण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. तरीही आपल्या भाषणांत हा शब्द पाणीपुरवठ्यापासून पाठ्यपुस्तकापर्यंत कोठेही ऐकू येतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ऐतिहासिक शब्द वापरूच नयेत काय? इतिहासापासून बोध घ्यावयाचा, तर तुलना करावीच लागते. सर्व चिन्हे दिसत असूनही, पूर्ण खात्री होईपर्यंत नाव घ्यावयाचे नाही असे ठरवले, तर धोक्याची सूचना देणार कोण? शोएबुल्ला खानांनी सौम्य शब्द शोधत बसायला हवे होते काय?

अजिबात नाही. उलट शब्द जपून ठेवावयाचा, तो खरी वेळ आली की वापरता यावा म्हणूनच. माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेली. तेथे एखादे मंडल ‘दुष्काळग्रस्त’ जाहीर करावयाचे, तर पाऊस किती तुटीचा, दोन पावसांमधील खंड किती, पेरणी किती झाली, पिकाचा उतारा काय, असे तक्ते भरावे लागत. गावकरी आमच्यावर चिडत. ‘साहेब, डोळ्यांना दिसत नाही काय?’ असे विचारत. त्यांचा राग चुकीचा नव्हता, आणि सरकारने दुष्काळ दिसत असताना ‘टंचाई’ हा मवाळ शब्द वापरून वेळ काढल्याची उदाहरणेही आहेत. तरीही त्या तक्त्यांमागील तत्त्व योग्यच होते. प्रत्येक वर्षी प्रत्येक मंडल दुष्काळग्रस्त म्हटले, तर ज्या वर्षी खरोखरच विहिरी आटतील, त्या वर्षी तगाई आणि चारा कोणाला आधी द्यावयाचा, हे ठरवता येणार नाही.

राजकीय भाषेलाही असा एक तक्ता लावता येईल. कोणी कोणाला ‘रझाकार’ म्हटले, की श्रोत्याने मनाशी चार प्रश्न विचारावेत. संघटना आहे काय? तिच्या हाती शस्त्र आहे काय? सत्तेचे अभय आहे काय? आणि निःशस्त्र नागरिकांवर तिचा हात पडतो आहे काय? चारांचे उत्तर होकारार्थी असेल, तर मग ती टोळी कोणत्याही धर्माची, कोणत्याही झेंड्याची असो, तिला हा शब्द खुशाल लावावा, नव्हे, लावलाच पाहिजे. एकाचेही उत्तर होकारार्थी नसेल, तर वक्त्याने आपल्याला काही सांगितलेले नाही, केवळ चिथावले आहे, असे समजावे. दोन-तीनांचे उत्तर होकारार्थी असेल, तर त्या दोन-तीन गोष्टी सरळ नाव घेऊन सांगाव्यात. त्या पुरेशा गंभीर असतात. त्यांना उसन्या नावाची गरज नसते.

या सर्व विवेचनात एक निकडीची गोष्ट आहे. १९४८ साली जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या पुष्कळ पुढे गेले आहेत. प्रत्यक्ष पाहिलेले साक्षीदार आपल्यांत थोडे उरले आहेत. ते गेले की गोरटा, बैरानपल्ली, वर्वट्टी आणि त्याचबरोबर सप्टेंबरनंतर ओस पडलेल्या वस्त्या, यांच्याविषयी पुढच्या पिढीजवळ जे उरेल, ते मुख्यतः शब्दांतून उरेल. तो शब्द तोवर शिवी होऊन गेला असेल, तर नातवंडांना त्यातून काहीच कळणार नाही. रझाकार कोण होते, असे विचारले तर ते म्हणतील, निवडणुकीत एकमेकांना म्हणतात ते.

म्हणून हैदराबादमधील मराठी मंडळींना एक विनंती आहे. आपल्या घरांतील वृद्धांकडून त्या दिवसांच्या हकिगती लिहून घ्याव्यात. गाव, तारीख, माणसे, कोणी काय नेले, कोणी आसरा दिला, हे सर्व शक्य तितके नेमके लिहावे. आपल्यावर गुदरले ते लिहावे, आणि शेजाऱ्यावर गुदरलेले पाहिले असेल, तर तेही वगळू नये. त्या हकिगतींत ‘रझाकार’ हा शब्द येईल तेथे त्याच्याजवळ त्या माणसाचे नाव किंवा निदान त्या टोळीचे गाव असावे. आपल्या या त्रैमासिकाने अशा हकिगतींसाठी प्रत्येक अंकात चार पाने राखून ठेवली, तर ते कोणत्याही सभेतील भाषणांपेक्षा अधिक मोलाचे काम होईल.